जिवंत माणसाचं माप

घरात चांगलं अक्रोडाचं टेबल असताना पेटीवाला नऊ वर्षं ताट मांडीवर घेऊन जेवत होता. खिडकीपाशी एक स्टूल, मांडीवर जुना टॉवेल आणि टॉवेलवर ताट. बायको तिकडे टेबलाशी एकटी, मधे जेमतेम चार पावलं. कुणी पाहुण्याने विचारलंच, "असं का हो?" तर पेटीवाला म्हणायचा, "इथे उजेड चांगला येतो." मग बायको पाण्याचा ग्लास टेबलावर जरा जोरातच ठेवायची.

पेटीवाला म्हणजे शवपेट्या करणारा सुतार. खरं नाव चर्चच्या वहीत होतं, पण अख्खी गल्ली त्याला पेटीवालाच म्हणायची आणि तोही त्याच हाकेला ओ द्यायचा. धंदा बापाचा. बापाने लाकडाचं सगळं शिकवलं, आणि लाकडापलीकडच्या दोनच गोष्टी शिकवल्या. एक, जिवंत माणसाचं माप घ्यायचं नाही. डॉक्टरांनी हात टेकलेले असोत, घरचे दारात येऊन उभे असोत, श्वास चालू आहे तोवर मापाची काठी भिंतीवरून उतरायची नाही. आणि दुसरी, झाकणाच्या आतल्या बाजूला, जिथे माणसाचा चेहरा येतो तिथे, शिसपेन्सिलीने एक ओळ लिहायची: 'प्रभू, हा तुझा आहे. याच्यावर कृपा कर.' बाई असली तर 'ही तुझी आहे'. मग वरून पांढरं कापड ठोकून टाकायचं. ही ओळ कुणाला दाखवायची नाही, की आपण असं लिहितो म्हणून सांगायचंही नाही. "ती वाचणारा एकच आहे," बाप म्हणायचा, "आणि त्याला चष्मा लागत नाही."

चाळीस वर्षं पेटीवाल्याने ती ओळ लिहिली. दर रविवारी पुढच्या बाकावर बसणाऱ्यांसाठी लिहिली आणि चर्चचं दार कुठल्या दिशेला आहे हेही विसरलेल्यांसाठी लिहिली. अडीच फुटांच्या पेट्याही केल्या होत्या त्याने. त्यांच्यावर लिहिताना पेन्सिलीचं टोक मोडायचं, मग परत तासायचं आणि परत लिहायचं. मापाच्या काठीवर अख्ख्या गावाची आयुष्यं मावली होती. सहा फुटांच्या पुढे सहसा कुणी गेलं नव्हतं, मग तो कितीही मोठा माणूस असो.

एकाच झाकणावर ती ओळ लिहायची राहिली. राहिली कसली, त्याने ती मुद्दाम लिहिली नाही. ते झाकण त्याच्या सख्ख्या थोरल्या भावाचं होतं.

आता हे नीट सांगायचं तर बावीस वर्षं मागे जावं लागेल. दोघे भाऊ तेव्हा एकाच कारखान्यात काम करायचे. कारखाना म्हणजे काय, एक लांबट खोली, दोन बाकं, भुसा आणि सरसाचा वास. दादा मुलखाचा अबोल. त्याच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे खिळा उपटायची पक्कडच लागायची. सकाळी एकदा 'हं' म्हणाला, की दुपारपर्यंत तेवढ्यावर भागवायचं. धाकटा मात्र बडबड्या, रागीट, हसला तर गल्लीच्या टोकाला ऐकू जाणारा. त्या वर्षी धाकट्याच्या फुप्फुसात पाणी झालं. एकोणीस दिवस हॉस्पिटलात तापात होता, त्यातले सहा दिवस त्याला आपलं नावही आठवत नव्हतं. डॉक्टरांनी बायकोला बाहेर बोलावून सांगितलं, की आता प्रार्थना करा. आणि मग विसाव्या दिवशी ताप उतरला. कसा उतरला ते डॉक्टरांनाही सांगता येईना.

तो घरी आला, दहा पावलं चालायला लागला, तेव्हा दादा एके दिवशी एक टेबल घेऊन दारात उभा राहिला. "बरा झालास म्हणून," एवढंच म्हणाला. अक्रोडाचं टेबल! पण काय सांगायचं, भलतंच अरुंद. समोरासमोर दोन ताटं ठेवली, की मधे मिठाची वाटी मावत नव्हती आणि खाली गुडघ्याला गुडघे लागत होते. त्यात कळस म्हणजे दादाने टेबलाच्या खालच्या अंगाला प्लायवूड ठोकलं होतं, बावीस स्क्रू लावून. धाकटा हसून हसून खोकला. "दादा, टेबलाला चड्डी कशाला घातलीस रे?"

"असू दे," दादा म्हणाला.

तेरा वर्षं त्या टेबलावर जेवणं झाली. मग एक दिवस लाकडाच्या वखारीत चहा पिता पिता वखारवाला सहज बोलून गेला. त्याच्या मनात काहीच नव्हतं बिचाऱ्याच्या. "तुझा भाऊ म्हणजे देवमाणूस. तू हॉस्पिटलात होतास ना, तेव्हा माझ्याकडचं सगळ्यात भारी अक्रोड घेऊन गेला. म्हटलं, पेटीला कुणी अक्रोड वापरतं का? तर बोलला नाही काही. पाच फूट दहाच्या फळ्या कापून नेल्या."

पाच फूट दहा. पेटीवाल्याचा चहा हातातच राहिला. आपल्याला किती लांबीची पेटी लागेल ते पेटी करणाऱ्याला ठाऊक असतंच की. तो तसाच कारखान्यात आला. दादा रंधा मारत होता.

"दादा, मी जिवंत असताना तू माझं माप घेतलंस?"

दादाने रंधा बाजूला ठेवला. "घेतलं," तो म्हणाला.

झालं. एवढ्या एका शब्दावर दोन भावांचं संपलं. पेटीवाल्याचं डोकं फिरलं ते फिरलंच. मी तिकडे श्वासासाठी झगडत होतो आणि हा इकडे माझं लाकूड कापत होता! बापाचा शब्द मोडला, माझी आशा सोडली. अख्खं चर्च माझ्यासाठी गुडघे टेकून बसलं होतं आणि माझ्या सख्ख्या भावाने मागणं सोडून काठी उचलली. वर उरलेल्या फळ्यांचं टेबल करून मलाच भेट दिलं! टेबल तो बाहेरच फेकणार होता, पण बायको आडवी आली. "टेबलाने काय तुमचं घोडं मारलंय? मी तर इथेच जेवणार." तेव्हापासून त्याचं ताट मांडीवर आलं. दादा गल्लीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन दारं-खिडक्या करू लागला. चर्चमध्ये एक डावीकडे बसायचा, दुसरा उजवीकडे. बायका मात्र बोलत होत्या, त्यांना कोण अडवणार?

चौदा महिन्यांपूर्वी दादा झोपेतच गेला. वहिनी स्वतः कारखान्यात आली, डोळे सुजलेले. "भावोजी, पेटी तुम्हीच करा. दुसऱ्या कुणाला नाही सांगायची मी."

पेटीवाल्याने पेटी केली. सांधे असे बसवले की नखही आत जाऊ नये. मग झाकण बाकावर घेतलं, कानामागची पेन्सिल काढली आणि कितीतरी वेळ तसाच उभा राहिला. 'याने माझ्यासाठी मागणं सोडलं होतं. मग मी याच्यासाठी का मागू?' त्याने पेन्सिल परत कानामागे खोचली आणि कोऱ्या लाकडावर पांढरं कापड ठोकून टाकलं. हात अजिबात थरथरला नाही, हे त्याला पुढे फार आठवत राहिलं.

आणि आता डॉक्टरांनी सांगितलं होतं, की हृदयाची एक झडप गळतेय. ऑपरेशन त्या जुन्या फुप्फुसांना झेपणार नाही. गोळ्या घ्या, जिने चढू नका.

"किती दिवस?" त्याने विचारलं.

"वर्षभर म्हणा. कमी-जास्त कोण सांगणार?"

वर्ष म्हणजे साधारण तीस पेट्या, पेटीवाल्याच्या मनात आलं. घरी येताना वाटेत तीनदा थांबला. फुलवाल्याच्या दुकानासमोर थांबला तेव्हा वाटलं, अरे, आत्ता तर आपण बापाचं बोट धरून इथून गेलो होतो. मधली साठ वर्षं कुठे गेली? रंध्यातून निघालेली साल भुर्रकन उडावी तशी गेली की.

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःची पेटी करायला घेतली. पाइनची, साधीच. स्वतःचं माप स्वतः घ्यायचं नाही असं काही बाप म्हणाला नव्हता. बायको दुपारी चहा घेऊन आली.

"ही कुणाची?"

"ऑर्डर आहे."

"कुणाची ऑर्डर?"

त्याने रंधा पुन्हा चालवायला घेतला. बायकोने पेटीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत. कप ठेवला आणि निघून गेली. थोड्या वेळाने दोन जाड रजया घेऊन आली आणि त्या पेटीत कोंबल्या. "तोवर रजया राहतील. उगाच जागा अडवून बसलीय," ती म्हणाली आणि तोंड फिरवून नाक पुसलं.

पेटी झाली. झाकणही झालं. आणि तिथेच सगळं अडलं. पेटीवाला रोज सकाळी झाकण बाकावर घ्यायचा, पेन्सिल काढायचा आणि परत ठेवायचा. 'प्रभू, हा तुझा आहे' इथपर्यंतही हात जाईना. कारण उघड होतं. मरताना माणसाला जे एकच हवं असतं ते मी माझ्या भावाला नाकारलं. आता तेच मी स्वतःसाठी मागू? कोणत्या तोंडाने?

चौथ्या दिवशी चर्चचे पाळकसाहेब भेटायला आले. तरुण माणूस, डोक्यावर केस कमी आणि तोंडावर हसू जास्त. लाकडाच्या ठोकळ्यावर बसले. पेटीवाल्याने बापाचा कुणाला न सांगण्याचा नियम आयुष्यात पहिल्यांदा मोडला आणि त्यांना त्या ओळीचं सगळं सांगून टाकलं, दादाच्या कोऱ्या झाकणासकट.

पाळकसाहेब म्हणाले, "पेटीवाले, देवाची कृपा काही तुमच्या शिसपेन्सिलीसाठी अडून बसलेली नाही."

"ते दादाचं झालं हो. दादाची मला काळजी नाही. त्याचं देव बघून घेईल. माझं काय?"

"तुम्हीही मागा."

"मागता येत नाहीये ना! तेच तर सांगतोय." पेटीवाल्याचा आवाज चढला आणि मग एकदम बसला. "साहेब, मला मरणाचं काही वाटत नाही. तिकडे गेल्यावर देवाने माझ्यापासून तोंड फिरवू नये, एवढंच वाटतं. मी दादापासून फिरवलं होतं तसं."

पाळकसाहेबांनी त्याचा खरखरीत हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि प्रार्थना केली. प्रार्थना चांगली होती. पेटीवाल्याने 'आमेन' म्हटलं. पण ते गेल्यावर झाकण होतं तसंच कोरं.

त्याच आठवड्यात एक दिवस जेवताना बायकोने गुडघा दाखवला. चांगला लांब ओरखडा होता. "त्या प्लायवूडचा स्क्रू खाली आलाय. महिनाभर लागतोय."

"मग सांगायचं नाही का?"

"तुम्ही त्या टेबलाला हात लावत नाही म्हणून नव्हते सांगत. पण आता सांगायला हवं. तुमच्यानंतर कोण ठीक करून देणार मला?"

'तुमच्यानंतर' हा शब्द ती पहिल्यांदाच बोलली होती. बोलली आणि ताटातच बघत राहिली. पेटीवाल्याने ताट खाली ठेवलं, हात धुतले आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आला.

नऊ वर्षांनी तो त्या टेबलापाशी वाकला. बसून जमेना, म्हणून सरळ फरशीवर उताणा झाला आणि सरकत सरकत टेबलाखाली गेला. खिडकीतून दुपारचं ऊन तिरकं आत येत होतं. एक स्क्रू आवळून काम झालं असतं, पण प्लायवूडच फुगलं होतं, ते काढूनच टाकावं म्हणाला. एकेक स्क्रू फिरवू लागला. दादाचं काम! बावीस वर्षांनीही स्क्रू लोण्यासारखे फिरत होते, कारण दादा प्रत्येक स्क्रूला मेण लावायचा. धाकटा त्यावरूनही चिडवायचा त्याला.

शेवटचा स्क्रू निघाला आणि प्लायवूड अलगद त्याच्या छातीवर आलं. त्याने ते बाजूला सरकवलं आणि वर पाहिलं.

चारही कडांना खाच होती. पेटीच्या काठावर झाकण बसावं म्हणून मारतात ती खाच, बापाने शिकवलेली, अंगठ्याच्या रुंदीची. हे उरलेल्या फळ्यांचं टेबल नव्हतं. हे झाकण होतं, पुरं झालेलं. आणि तो त्याखाली उताणा पडला होता, डोकं एका कडेला, पाय दुसऱ्या कडेला, बरोबर मापात. त्याच्या चेहऱ्याच्या अगदी वर, हातभर अंतरावर, शिसपेन्सिलीची अक्षरं होती, दादाची ती आखडलेली, मागे झुकलेली अक्षरं.

'प्रभू, हा तुझा आहे. याच्यावर कृपा कर.'

त्याखाली, बारीक अक्षरात, बापाने कधीही न शिकवलेली एक ओळ होती.

'जमलं तर इतक्यात नको.'

आणि त्याच्याही खाली, ठसठशीत, पेन्सिल दाबून दाबून लिहिलेला एकच शब्द.

'केलीस.'

पेटीवाला पडून राहिला. वाचत राहिला. डोळ्यांतून पाणी कानांत जात होतं आणि त्याला ते पुसायचंही सुचत नव्हतं. मागणं सोडलं नव्हतं त्याने. हातात माझंच झाकण घेऊन, हातातल्या पेन्सिलीने मागत होता. आणि मिळालं तेव्हा पावतीही त्यानेच लिहिली. तेरा वर्षं मी या ओळीवर ताट ठेवून जेवलो आणि नऊ वर्षं तिच्याकडे पाठ करून.

"अहो! अडकलात का?" बायको खाली वाकली. त्याचा चेहरा पाहिला आणि घाबरून गुडघ्यांवर बसली, सांधे कटकट वाजले. "छातीत दुखतंय? डॉक्टरांना बोलावू?"

"वर बघ," तो म्हणाला.

तिने मान वाकडी करून अक्षर अक्षर लावत वाचलं. मग तीही तिथेच टेबलाच्या पायाला टेकून बसली. त्याने तिला सगळं सांगितलं, बापाच्या ओळीपासून दादाच्या कोऱ्या झाकणापर्यंत. चाळीस वर्षांचं लपवलेलं, टेबलाखाली पडल्या पडल्या. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "उठा. जाऊबाईंकडे जाऊन या. तुम्ही जा, मी नाही."

तो गेला. दादाच्या घराची पायरी तो दफनाच्या दिवसानंतर चढला नव्हता आणि त्याआधी जवळजवळ आठ वर्षं चढला नव्हता. वहिनी चादरींच्या घड्या घालत होती.

"भावोजी? आज वाट चुकलात की काय?"

"वहिनी, चला माझ्याबरोबर. तुम्हाला काही दाखवायचंय."

टेबलाखाली जाणं वहिनीला शक्य नव्हतं. मग दोघी जावांनी मिळून टेबल उलटं केलं. पेटीवाला हात लावायला आला तर दोघी एकदम ओरडल्या, "तुम्ही बसा!" टेबल पाय वर करून पडलं. वहिनी त्यावर वाकली. अक्षरांवरून तिने बोट फिरवलं, पण लाकडाला लागू न देता, जरा वरून.

"पेटी पुरी केली होती त्यांनी," ती म्हणाली. "दोन दिवस पाण्याचा घोटही घेतला नाही. म्हटलं, अहो, तो जिवंत आहे अजून. तर म्हणाले, माहीत आहे. पण वेळ आलीच तर दुसऱ्याच्या हातची पेटी त्याला नको. मग तुमचा ताप उतरल्याचा निरोप आला. मला धरून रडले हो, पहिल्यांदाच पाहिलं मी. दुसऱ्या दिवशी पेटी मोडली. मी म्हटलं जाळून टाका, अपशकुनी मेली. तर म्हणाले, यावर लिहिलंय. काय लिहिलंय विचारलं, तर म्हणाले, तुला नाही लिहिलं."

पेटीवाल्याला हसूही आलं आणि रडूही. अगदी दादाच तो. "मला का नाही सांगितलं त्याने? इतकी वर्षं!"

"तुम्ही काय विचारलंत? माप घेतलं का? ते खरं बोलले. पुढचं तुम्ही विचारलंच नाहीत, भावोजी."

त्याचं एक सांगायचं राहिलं होतं, आणि ते आत्ता नाही सांगितलं तर कधीच नाही, हे त्याला कळत होतं. झडप गळत होती आणि दिवस मोजके होते.

"वहिनी, ही ओळ आम्ही प्रत्येकाच्या झाकणावर लिहितो. दादाच्या झाकणावर मी ती लिहिली नाही."

वहिनीने मान वर केली. "का?"

"राग होता."

ती उठली आणि खिडकीपाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. पेटीवाल्याची बायको काही बोलायला गेली, तर त्याने हाताने थांबवलं. वहिनीने हाकलून दिलं असतं, तोंडावर दार लावलं असतं, तरी त्याने मुकाट्याने ऐकून घेतलं असतं.

"चौदा महिने मी त्यांच्यासाठी रोज प्रार्थना करतेय," वहिनी खिडकीकडे बघतच म्हणाली. "रोज वाटतं, माझा एकटीचा आवाज कमी पडत असेल." मग ती वळली. डोळे पुसले. "पेन्सिल कुठाय तुमची?"

पेन्सिल कानामागेच होती.

"लिहा."

"आता? कुठे? तो तर तिकडे मातीत..."

"ज्याने वाचायचंय तो काय कबरस्तानातच बसून राहिलाय का? इथे लिहा. यांच्या ओळीशेजारी."

पेटीवाला गुडघ्यांवर बसला. हात असा थरथरत होता की पहिलं अक्षर दोनदा गिरवावं लागलं. त्याने लिहिलं, 'प्रभू, दादा तुझा आहे. त्याच्यावर कृपा कर.' थोडं थांबला आणि पुढे लिहिलं, 'मला लिहायला उशीर झाला.' मग पेन्सिल उचलली.

"खाली जागा सोडा थोडी," वहिनी म्हणाली.

"कशाला?"

तिने दादाच्या त्या शेवटच्या शब्दाकडे बोट दाखवलं. पेटीवाल्याने ते पाहिलं आणि मग आपल्या ओळीखालच्या कोऱ्या लाकडावर तळवा टेकून तो लहान मुलासारखा रडला. या वेळी दोघींपैकी कुणी त्याला उठवलं नाही.

त्या संध्याकाळी तिघं त्या टेबलावर जेवली. गुडघ्याला गुडघे लागत होते, मिठाची वाटी हातोहात फिरत होती, आणि वहिनीने दादाच्या अबोलपणाचे असे किस्से सांगितले की पेटीवाल्याचं हसू पुन्हा गल्लीच्या टोकाला ऐकू गेलं. खिडकीपाशी स्टूल रिकामं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पाइनच्या झाकणाचे सरळ दोन तुकडे केले. बायको दारातून बघत होती.

"हे काय?"

"ते नको मला. माझं झाकण बावीस वर्षं तयार आहे, लिहिलेलंसुद्धा. मी मागायची गरजच नाही, माझं आधीच मागून झालंय. आणि मिळालंही. रोज सकाळी उठत होतो ना गं मी, ते काय फुकट होतं?" तो श्वास घ्यायला थांबला. "वेळ आली की टेबलाचे पाय काढायचे, चार स्क्रू आहेत प्रत्येकाला. पेटीवर बरोबर बसेल. पाळकसाहेबांना सांगून ठेव."

बायको म्हणाली, "आणि मी जेवू कुठे?"

पेटीवाल्याने भिंतीवरची मापाची काठी काढली, कानामागची पेन्सिल हातात घेतली आणि तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"हात पसर."

"हे काय करताय?"

"माप घेतोय."

"जिवंत माणसाचं?" ती दचकून मागे सरली.

"जिवंत माणसाचंच," तो म्हणाला. "टेबल करतोय तुला. मधे मिठाची वाटी मावली पाहिजे, समोर जाऊबाईंचं ताट मावलं पाहिजे आणि तुझा हात पोचला पाहिजे. वर्षभर आहे माझ्याकडे. पसर ना हात, पुढे कर. हां, अस्सं."

तिने दोन्ही हात पुढे केले आणि तो काठी लावून मोजू लागला.